वजाच्या पुढचा कंस

कंसबाईंचं खरं नाव शाळेच्या मस्टरमध्ये तेवढं उरलं होतं. मुलं, मुलांचे आईबाप, शिक्षकांच्या खोलीत चहा आणून देणारा शिपाई, झालंच तर बाईंचा स्वतःचा नवरा, सगळे त्यांना कंसबाईच म्हणत. नवरा तोंडावर म्हणे, बाकीचे पाठीमागे, एवढाच काय तो फरक. बाईंना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण आवडतंय असं दाखवलं तर त्या कंसबाई कसल्या.

तेहतीस वर्षं त्यांनी एकाच शाळेत, एकाच मजल्यावर नववीच्या वर्गांना बीजगणित शिकवलं. त्यातही त्यांचा जीव अडकलेला होता तो अपूर्णांकांच्या वजाबाकीत. छेदाचे अवयव पाडा, लसावि घ्या, आणि वजाचं चिन्ह दिसलं की आधी कंस घाला, मग बाकीचं जग. असं म्हणताना त्या दोन्ही तळवे समोरासमोर धरत, जणू मधे एखादं गरम पातेलं आहे आणि ते सांडता कामा नये. मधल्या सुट्टीत मैदानावर पोरं हुबेहूब तसेच हात धरून एकमेकांना दटावत, आणि बाई वरून खिडकीतून बघत. रागावत नसत. उलट, निदान हातात तरी कंस बसला, असं शेजारच्या भूगोलाच्या बाईंना सांगत.

घरातही तेच. दुकानातून आणायच्या सामानाची यादी त्या लिहीत ती अशी: साबण (अंगाचा), पाव (कालचा नको), बटाटे (हिरवट असतील तर राहू दे). नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, नजर अधू झाल्यावर दुकान सोडून घरी बसला होता, आणि घरी बसलेल्या माणसाला चेष्टेला वेळच वेळ असतो. तो म्हणायचा की बाईसाहेब, रागवायचं तेही कंसात रागवा, म्हणजे मला बाहेर थांबता येईल.

हा कंसाचा ध्यास बाईंना जन्मापासून नव्हता. त्याला एक इतिहास होता, आणि नवे शिक्षक आले की बाई तो मोठ्या अभिमानानं सांगत. नोकरीच्या सातव्या वर्षी वार्षिक परीक्षेत त्यांनी अपूर्णांकांच्या वजाबाकीचं एक उदाहरण घातलं होतं, चार मार्कांचं. पेपर तपासताना नऊ मुलांचं उत्तर एकसारखं चुकलेलं निघालं. वजाच्या जागी अधिक. बाईंचा पारा चढला. नऊ मुलं नेमकी एकच चूक करतात याचे दोनच अर्थ, एक तर त्यांनी एकमेकांचं पाहून लिहिलं, नाहीतर शिकवण्यातच कुठंतरी कमी पडलं. पहिल्यासाठी त्यांनी नऊच्या नऊ पेपरांवर लाल शेरा मारला आणि दुसऱ्यासाठी पुढच्या जूनपासून कंसाचा धोशा लावला. त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांत ती चूक नववीत फारशी दिसली नाही. गोष्ट इथं संपवून बाई चष्मा पुसत, आणि नवा शिक्षक मान डोलवत असे.

बाईंच्या शिकवण्यात आणखी एक ठरलेला दाखला असे, तो शाळेमागच्या गल्लीतल्या बाइंडरणीचा. शाळेची सगळी रजिस्टरं आणि वाचनालयातली फाटकी पुस्तकं तिच्याकडे बांधायला जात. अर्धं शटर, आत लाकडी टेबल, खळीचं पातेलं, पुठ्ठ्यांची चळत आणि मोठ्या चाकाचं दाबयंत्र. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. तिची एक पद्धत होती. पुठ्ठा कापण्याआधी ती तो तीनदा मोजायची. एकदा मोजून पेन्सिलीची खूण करायची, पुन्हा पट्टी लावायची, आणि मग तिसऱ्यांदा. दोन बोटांचा तुकडा असला तरी तीनदा. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे. कंसबाईंना ते इतकं भावलं होतं की त्या वर्गात सांगत, ताळा कसा घ्यायचा ते बाइंडरणीकडून शिका, तिला स्वतःवर भरवसा आहे म्हणून ती घाई करत नाही.

ही बाइंडरीण एके काळी बाईंच्याच वर्गात होती. पहिल्यांदा काम घेऊन गेल्या तेव्हा तिनंच सांगितलं होतं, की बाई, मी एक वर्ष तुमच्या हाताखाली होते. मग पुढं काय झालं, असं बाईंनी सहज विचारलं. पुढं काही नाही, असं ती म्हणाली आणि खळ ढवळायला लागली. बाईंनी ते तिथंच सोडलं. तेहतीस वर्षांत हजारेक पोरं हाताखालून जातात. प्रत्येकाचं पुढं काय झालं हे विचारत बसलं तर घरी कधी जायचं.

तर अशा या कंसबाई आता निवृत्त होत होत्या. सोमवारी निरोप होता. मुख्याध्यापक वयानं त्यांच्यापेक्षा लहान आणि उत्साहानं त्यांच्या दुप्पट. त्यांनी ठरवलं होतं की बाईंची ती प्रसिद्ध वही वाचनालयाच्या काचेच्या कपाटात कायमची ठेवायची. त्या जाड वहीत बाईंनी काढलेला प्रत्येक वर्षाचा पेपर आणि त्याची उत्तरसूची होती, निळ्या शाईत, एकाही खाडाखोडीशिवाय. अकरा वर्षांपूर्वी तिची शिवण सुटली तेव्हा बाइंडरणीनं तिला नवं तपकिरी कापड घालून दिलं होतं. वहीशेजारी ठेवायचं कार्डही मुख्याध्यापकांनी स्वतः लिहिलं होतं: तेहतीस वर्षांच्या उत्तरसूची, एकही चूक नाही. एवढं कशाला, असं बाई म्हणाल्या, आणि कार्डातला एक राहिलेला काना तेवढा घालून दिला.

शनिवारी शाळा दुपारीच सुटली. वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी वही बाहेर काढली आणि उलटसुलट करून पाहिली. मागच्या पुठ्ठ्यावरचा आतला कागद एका कोपऱ्यात सुटला होता. कपाटात असं कसं ठेवायचं? त्यांनी कचेरीतून डिंकाची बाटली आणली, ब्रश बुडवला आणि कोपऱ्याखाली फिरवला. डिंक होता पाण्यासारखा पातळ. कागदानं तो पिऊन टाकला, आणि चिकटायचा तो बाजूलाच, उलट आणखी वीतभर सुटून वर आला. त्याच्याखाली दुसरा एक कागद होता, रेघांचा, पाठमोरा चिकटवलेला. बाइंडर लोक पुठ्ठ्याला रद्दीचं अस्तर देतात हे बाईंना माहीत होतं. त्यात नवल नव्हतं. पण ओल लागताच त्या पाठमोऱ्या कागदातून लाल रंग वर दिसायला लागला. उलटी अक्षरं. आणि ती उलटी असूनही बाईंनी ओळखली, कारण ती त्यांचीच होती.

पट्टीची कड घालून, बोटानं थोडं थोडं पाणी लावत त्यांनी तो कागद सोडवला. परीक्षेची पुरवणी होती ती. वर नाव, हजेरी क्रमांक, वर्ग, वर्ष. नाव त्यांनी दोनदा वाचलं. बाइंडरणीचं नाव. खाली बॉलपेनात सोडवलेलं एकच उदाहरण, त्यावर लाल शून्य, आणि शून्याखाली शेरा: चिन्ह चुकले. कोणाचे पाहिले?

बाईंना आधी हसू आलं. ही त्या नऊ जणांतली होती तर. मग सवयीनं, निव्वळ सवयीनं, त्यांची नजर उदाहरणावरून खाली उतरली. २क्ष/(क्ष² − ९) − १/(क्ष − ३). पोरीनं छेदाचे अवयव पाडले होते, (क्ष − ३)(क्ष + ३). लसावि तोच. दुसऱ्या अपूर्णांकाला वर आणि खाली (क्ष + ३) नं गुणलं होतं. अंशात लिहिलं होतं, २क्ष − (क्ष + ३). कंस होता. व्यवस्थित, गोल, दोन्ही बाजूंनी बंद केलेला. कंस सुटून अंशात क्ष − ३ राहिला होता, तो खालच्या क्ष − ३ शी गेला होता, आणि उत्तर उरलं होतं १/(क्ष + ३).

बाई थांबल्या. पुन्हा वरून सुरुवात केली. मग फळ्याकडे गेल्या आणि खडूनं स्वतः सोडवलं. अधिक तीन. पुसलं, पुन्हा सोडवलं. अधिक तीन.

मग त्यांनी वही उघडून त्या वर्षाचं पान काढलं. घाईत पानं दोन-दोन उलटत होती. सातवं वर्ष, वार्षिक परीक्षा, प्रश्न शेवटचा. त्यांच्याच वळणदार अक्षरात, निळ्या शाईत: २क्ष − क्ष + ३. कंस नाही. वजाच्या पुढं उघडा क्ष आणि त्यामागं बिनधास्त अधिक तीन. अंश क्ष + ३, तो खालच्या क्ष + ३ शी सुबकपणे गेलेला, आणि उत्तर १/(क्ष − ३), खाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा. इतकं स्वच्छ सुटलं होतं की शंका घ्यायला जागाच नव्हती. तीच तर खोड आहे या उदाहरणाची. चुकलं तरी तितकंच देखणं सुटतं.

कंसबाई मुलांच्या बाकावर बसल्या. कंस त्या विसरल्या होत्या. त्या. आणि ज्या नऊ पोरांनी तो घातला होता त्यांना शून्य देऊन, चोर ठरवून, त्याच जोरावर त्यांनी पुढची सव्वीस वर्षं कंसाचा डंका पिटला होता. ज्यांनी त्यांच्यासारखाच कंस गाळला असेल त्यांना त्या वर्षी पैकीच्या पैकी मिळाले असणार. वरांड्यात शिपाई खिडक्या लावत होता, त्यानं डोकावून बरं नाही का म्हणून विचारलं, तर त्या उठून फळा पुसायला लागल्या.

कागद घडी न करता तसाच छातीशी धरून त्या घरी आल्या. जेवायला बसल्या नाहीत. नवऱ्यानं कागद हातात घेतला, भिंग लावून पाहिला, आणि यात काय एवढं म्हणून विचारलं. त्याला क्ष-बिक्ष कळत नव्हतं. तेव्हा बाईंनी त्याला ताळा घालून दाखवला. क्ष म्हणजे चार समज. मग पहिला अपूर्णांक आठ सप्तमांश, दुसरा एक, वजाबाकी एक सप्तमांश. आता पोरीच्या उत्तरात चार घाल, चार अधिक तीन सात, एक सप्तमांश. जुळलं. माझ्या उत्तरात घाल, चार वजा तीन एक, म्हणजे उत्तर एक. एक सप्तमांश कुठं आणि एक कुठं. घड्याळवाल्या माणसाला हे लगेच कळलं. त्यानं भिंग खाली ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चेष्टा केली नाही.

आणि हे समजावता समजावता बाईंना कागदाच्या उजव्या कडेला आणखी काहीतरी दिसलं. शाळेत नियम होता, उजवीकडे उभी रेघ मारायची आणि रेघेपलीकडे कच्चं काम करायचं. तपासणाऱ्यानं रेघेपलीकडे बघायचं नाही. बाईंनी कधी बघितलं नव्हतं. रेघेपलीकडे, बारीक अक्षरांत, पोरीनं लिहिलं होतं: क्ष = ४. आठ सप्तमांश, वजा एक. एक सप्तमांश. खाली उत्तराचा आकडा, एक सप्तमांश, आणि शेजारी एक छोटीशी बरोबरची खूण. परीक्षेत वेळ उरला तर ताळा घ्या, असं बाईंनीच शिकवलं होतं. पोरीनं तो घेतला होता. पाहून लिहिणारी पोर कशाला ताळा घेईल.

नवरा म्हणाला, सव्वीस वर्षं झाली, आता जाऊन काय सांगणार, आणि तिनं तो कागद वहीत मुद्दामच चिकटवला असेल तर तिच्या मनात केवढी अढी असेल याचा विचार कर. बाईंच्या मनात तेच होतं. अकरा वर्षं ती वही त्यांनी रोज काखोटीला मारून नेली होती, म्हणजे अकरा वर्षं तो शेरा त्यांच्याच बरगडीला लागून होता. हा सूड असेल तर पुरेपूर होता, आणि आपण त्याच लायकीच्या आहोत असं त्यांना वाटलं. पण त्या उठल्या. पिशवीत वही घातली, कागद घातला, लाल पेन घातलं. कुठं निघालीस, असं त्यानं विचारलं.

"चार मार्क द्यायचे राहिलेत," बाई म्हणाल्या.

पाचच्या सुमाराला गल्लीत ऊन अजून शटरपर्यंत होतं. बाइंडरीण पुठ्ठ्याच्या कडा घासत होती. बाईंना पाहून तिनं स्टूल पुसून पुढं केलं. बाई बसल्या नाहीत. त्यांनी कागद टेबलावर सरळ तिच्यासमोर ठेवला. बाइंडरणीचा चेहरा एकदम उतरला. तिनं आधी शटरबाहेर पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून, आणि मग हात पुसून तो कागद झाकल्यासारखा तळव्याखाली धरला.

"वर आला होय हा," ती म्हणाली. "तोंड आत करून चिकटवला होता मी. बाई, चुकलं माझं."

बाईंना वाटलं, कानात काहीतरी बिघडलंय. हिचं चुकलं? त्यांनी कसंबसं विचारलं, की माझ्याच वहीत का?

तिनं सांगितलं ते सरळ होतं. माळ्यावरची जुनी पेपरांची बंडलं शाळेनं तिला अस्तरासाठी दिली होती, त्यात हा निघाला. फाडून टाकायला हात होईना, कारण शाळेतलं तेवढंच काहीतरी तिच्याजवळ उरलं होतं. घरी ठेवला तर मुलीच्या हाती लागेल, आणि आईला शून्य मिळालं, आईनं कोणाचं तरी पाहिलं, हे मुलगी वाचेल. दुसऱ्या कुठल्या रजिस्टरात घातला तर ते फाटल्यावर कुणीही परकं माणूस बघेल. त्याच आठवड्यात बाईंची वही कामाला आली होती. तिला वाटलं, बाईंनी तर तो आधीच पाहिलेला आहे. त्यांच्यापासून लपवायचं असं त्यात काही उरलेलं नाही.

बाईंनी टेबलाची कड धरली. सुडाची तयारी करून आलेल्या माणसाला हे झेपणारं नव्हतं. त्यांना जे बोलायचं होतं ते वाटेत चार-पाच वेळा घोळून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"तुझं उत्तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हाही बरोबर होतं. मी चुकले होते."

बाइंडरीण हसली. मोठ्या माणसाचं मन राखायला हसतात तसं. राहू द्या बाई, म्हणाली, एवढ्या वर्षांनी कशाला मनाला लावून घेता. बाईंच्या लक्षात आलं की हिचा विश्वासच बसलेला नाही. निवृत्तीच्या वेळी माणूस हळवा होतो आणि काहीही बोलतो, असं ती समजली होती. तेव्हा बाईंनी वही उघडून आपली उत्तरसूची तिच्यासमोर सरकवली, कंस नसलेल्या जागेवर बोट ठेवलं, आणि तिच्या कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. क्ष म्हणजे चार धर, म्हणाल्या. ती नको म्हणाली. बाईंनी वर्गातल्या आवाजात धर म्हटलं, तेव्हा तिनं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकडे मांडायला घेतले. आठ सप्तमांश वजा एक. एक सप्तमांश. मग स्वतःचं उत्तर. एक सप्तमांश. मग बाईंचं. एक.

तिनं त्या एकाभोवती पेन्सिलीनं गोल केला.

"पास व्हायला पस्तीस लागत होते," ती म्हणाली. "मला बत्तीस होते, बाई."

बत्तीस आणि चार. बाईंनी आयुष्यभर बेरजा केल्या होत्या, पण असली बेरीज डोक्यात आपोआप होऊन अशी समोर उभी राहील, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या.

मग बाइंडरीण एरवी दहा वर्षांत बोलली नसेल एवढं बोलली, तेही पेन्सिल पुठ्ठ्यावर फिरवत, खाली मान घालून. तेव्हा शाळेत नापास झालेल्यांचेच पेपर घरच्यांना दाखवत. वडील आले होते. नुसती नापास झाली असती तर त्यांनी पुन्हा त्याच वर्गात बसवलं असतं, तसं ते आधी बोललेही होते. पण त्यांनी तो शेरा वाचला. मुलीनं चोरी केली, आणि चोरी करूनही चुकीचं लिहिलं. बाहेर पडताना ते एवढंच म्हणाले, की उद्यापासून काकाच्या बाइंडिंगच्या दुकानात जायचं. ती पहिल्या बाकावर होती, पुढं कुणी नव्हतं, शेजारी भिंत होती. पण हे तिनं वडिलांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, असं बाईंनी विचारलं.

"सांगून काय उपयोग? उत्तर तर चुकलंच होतं ना. तुम्ही शून्य दिलं होतं." तिनं एकावर पेन्सिल टेकवली. "मी ताळा घेतला होता, तो जुळला होता. तरी चुकलं. मग मला वाटलं, मला ताळासुद्धा येत नाही. जुळलंय असं मला नुसतं वाटतं, खरं जुळलेलं नसतं. तेव्हापासून मी आपली तीनदा मोजते. तरी कापताना वाटतंच, चुकणार."

वर्गामागून वर्गांना कंसबाईंनी सांगितलं होतं, बाइंडरणीकडे बघा, तिला स्वतःवर केवढा भरवसा आहे. त्यांना स्वतःची लाज वाटली, अशी की मान वर करवेना. नऊ पेपर होते. बाकीचे आठ जण आत्ता कुठं, काय मोजत असतील, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो घाबरून बाजूला सारला. पण तो तिथंच राहणार होता हे त्यांना कळलं होतं.

त्यांनी लाल पेन काढलं. शून्य खोडलं आणि शेजारी चार लिहिले. शेरा खोडला. त्याखाली लिहिलं, चूक माझी आहे, आणि सही करून आजची तारीख घातली. मग वही उघडून त्या वर्षाच्या उत्तरसूचीवर, सव्वीस वर्षं एकाही खाडाखोडीशिवाय राहिलेल्या पानावर, आडवी लाल रेघ ओढली आणि २क्ष च्या पुढच्या वजानंतर कंस घातला. तो जरा वाकडा आला.

बाइंडरणीनं कागद दोन्ही हातांत घेतला. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि पदरानं नाही तर हाताच्या उलट्या बाजूनं डोळे पुसले, कारण बोटांना कायम खळ असायची त्याची सवय होती. मग कामाच्या माणसाचा आवाज काढून तिनं विचारलं, की पुठ्ठा ओलीनं फुगलाय, नवा घालावा लागेल, आणि हा कागद पुन्हा आतच घालायचा ना?

"घाल. पण तोंड बाहेर," बाई म्हणाल्या. "सोमवारी कपाटात जाणार आहे ती. मागचं पान उघडून ठेवायला सांगणार आहे मी. आणि ते कार्डही बदलायला सांगते."

कागद आधी घरी मुलीला दाखवायला घेऊन जाऊ का, असं तिनं हळूच विचारलं. बाईंनी होकाराची मान हलवली. मग तिनं चळतीतून नवा पुठ्ठा ओढला, टेबलावर सपाट केला, जुन्यावरून माप घेतलं, पट्टी लावली आणि पेन्सिलीनं खूण केली. खूण अचूक होती. स्टुलावरून बाईंनाही दिसत होतं. तिनं सुरी उचलली, क्षणभर धरली, आणि खाली ठेवली. पुन्हा पट्टी लावली. खूण जिथल्या तिथंच होती.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही तळवे नकळत समोरासमोर आले होते. "काप आता."

बाइंडरीण हो बाई म्हणाली, आणि तिनं पट्टी तिसऱ्यांदा लावली.